ई20च्या जमान्यात आरएक्स 100चा कार्ब: जुनाच घ्या, पण पारखून

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायचं सरकारी उद्दिष्ट आधी 2030चं होतं. ते 2025वर आणलं गेलं आणि त्याच वर्षी हे मिश्रण, म्हणजे ई20, देशभरातल्या पंपांवर पोचलंही. तेव्हापासून जुन्या गाड्यावाल्यांची एकच ओरड आहे: ॲव्हरेज पडलं, गाडी मिस मारते, कार्बमधून (कार्बोरेटरमधून) पेट्रोल गळतं. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचाही पर्याय ठेवा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025ला फेटाळली. त्यामुळे पंपावर मिळेल ते घालायचं आणि गाडी त्याला जुळवून घ्यायची, एवढंच आपल्या हातात उरतं.

हे जुळवून घेणं जवळजवळ सगळं कार्बोरेटरवर येऊन थांबतं. उदाहरणाला यामाहा आरएक्स 100 घेतो. 1985 ते 1996 या काळात आपल्याकडे बनलेली 98 सीसीची टू-स्ट्रोक, आणि अजूनही कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडे तिच्यावर जीव टाकणारी पोरं कमी नाहीत. (ज्या उसाच्या पट्ट्यातून इथेनॉल येतं, त्याच पट्ट्यात ही गाडी सगळ्यात लाडकी. असो.) तिचा कार्ब म्हणजे जपानच्या मिकुनीच्या रचनेचा 20 मिलिमीटरचा, आपल्याकडे तो चेन्नईच्या युकालने 'मिककार्ब' नावाने बनवला. गाडी बंद होऊन तीस वर्षं होत आली, त्यामुळे मूळ कार्ब आता मिळाला तर जुनाच मिळतो. दुकानात पॉलिथिनच्या पिशवीत चकाचक 'नवा' कार्ब टांगलेला असतो, तो बहुधा नक्कल असतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: बॉडी शाबूत असेल तर जुना मूळ कार्ब उघडून नीट करणं या नकलेपेक्षा कधीही बरं. मात्र बॉडी शाबूत आहे की नाही, हे ओळखता आलं पाहिजे.

कार्ब करतो काय?

इंजिनला हवा आणि पेट्रोल ठरलेल्या प्रमाणात लागतं. इंजेक्शनच्या गाडीत हे प्रमाण सेन्सर आणि संगणक ठरवतो. कार्बमध्ये ते पितळेच्या काही भोकांनी आणि हवेच्या दाबाने ठरतं.

कार्बच्या खालच्या वाटीत पेट्रोल साठतं. त्यात एक फ्लोट तरंगतो आणि पातळी ठरावीक उंचीला आली की टोकदार पिन वर ढकलून पेट्रोलची वाट बंद करतो. घरावरच्या टाकीतला बॉलकॉक जे करतो, तेच. पिन नीट बसली नाही की ओव्हरफ्लो.

वाटीच्या वर हवेची नळी असते आणि ती मध्ये अरुंद होते. अरुंद जागेतून हवा वेगाने जाते आणि तिथला दाब कमी होतो. खाली वाटीवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो, तो पेट्रोलला जेटमधून, म्हणजे मापाच्या पितळी भोकातून, वर ढकलतो. 'इंजिन पेट्रोल ओढतं' असं आपण म्हणतो खरं, पण ढकलणारी असते ती बाहेरची हवा. हे लक्षात ठेवण्यात फायदा आहे. वाटीला हवा मिळण्यासाठी एक बारीक वाट असते. ती मातीने बुजली तर टाकी भरलेली असूनही गाडी किलोमीटरभर जाऊन गपगार होते, आणि मेकॅनिक बिचारा प्लग बदलत बसतो.

मूठ किती पिळली, त्यावर सगळं

या कार्बमध्ये मूठ पिळली की एक गोल स्लाइड वर उचलली जाते. काही मेकॅनिक तिला पिस्टनही म्हणतात. स्लाइडला खाली एक निमुळती सुई लटकते. मूठ किती उघडली आहे त्याप्रमाणे पेट्रोल वेगवेगळ्या वाटेने येतं, आणि बिघाड शोधायचा तर हे माहीत असणं निम्मं काम आहे.

मूठ मिटलेली किंवा जेमतेम उघडलेली असताना पायलट जेट (सगळ्यात बारीक जेट) आणि एअर स्क्रू (हवा कमी-जास्त करणारा) यांचं राज्य असतं. त्यानंतर पाव मुठीपर्यंत स्लाइडच्या खालच्या तिरक्या कापाचा प्रभाव. पाव ते पाऊण मुठीपर्यंत सुई, म्हणजे आपण रोज जिथे गाडी चालवतो तो बहुतेक सगळा भाग. आणि पाऊणच्या पुढे मेन जेट. त्यामुळे 'पिकअप नाही, मेन जेट मोठा टाका' हा सल्ला बऱ्याचदा नेम चुकलेला असतो. अर्ध्या मुठीला गाडी अडखळत असेल तर मेन जेटचा त्यात फारसा हात नसतो, सुई बघा. सुईला वर पाच खाचा असतात आणि त्यांतल्या एकीत क्लिप बसते. क्लिप एक खाच खाली घेतली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं.

यात दोनच शब्द पुन्हा पुन्हा येतील. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडणं म्हणजे 'लीन', जास्त होणं म्हणजे 'रिच'.

ई20ने नेमकं काय बिघडलं?

एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला फक्त 9 किलो, कारण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. ई20चा हिशेब मांडला तर आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला आठेक टक्के जास्त इंधन द्यायला हवं. इंजेक्शनच्या गाडीतला सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बच्या जेटचं भोक मात्र 1990मध्ये जेवढं होतं तेवढंच राहतं, आणि गाडी लीन चालते. यातला निम्मा फरक ई10मुळे (दहा टक्के इथेनॉलमुळे) 2022पर्यंतच पडून गेला होता, तेव्हा कोणी फारसं बोललं नाही.

चार-स्ट्रोकमध्ये थोडं लीन म्हणजे गाडी जरा कोरडी चालते, सकाळी चोक जास्त वेळ लागतो. टू-स्ट्रोकमध्ये प्रकरण गंभीर होतं. आत येणारं गार पेट्रोल पिस्टनलाही थंड ठेवतं, ते कमी पडलं की उष्णता वाढते. आरएक्सला मुळात वेगळा ऑइल पंप आहे, पण अनेकांनी तो काढून टाकून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायला सुरुवात केली आहे. अशा गाडीत पेट्रोल कमी गेलं म्हणजे ऑइलही कमी गेलं. मग पुणे-सातारा रस्त्यावर पूर्ण मूठ देऊन पंधरा-वीस मिनिटं चालवली की पिस्टन सीज, म्हणजे जाम.

दुसरी गोष्ट पाण्याची. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. गाडी दोन महिने पावसाळ्यात उभी राहिली की ओल धरलेलं पेट्रोल वाटीत बसून राहतं आणि वाटीच्या तळाला पांढरी, खरखरीत पूड धरते. ती धातूची झीज आहे. जुन्या रबराच्या ओ-रिंग फुगतात किंवा ठिसूळ होतात. शिवाय इथेनॉल चांगलं विद्रावक आहे. टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेला राळेसारखा थर ते सोडवतं, आणि तो मळ थेट पायलट जेटच्या केसाएवढ्या भोकात येऊन बसतो. म्हणून टाकी आणि पेट्रोल कॉकची जाळी साफ न करता फक्त कार्ब नीट करणं म्हणजे पंधरा दिवसांनी पुन्हा कार्ब उघडणं.

जेट मोठा केला तर ॲव्हरेज आणखी नाही का पडणार?

थोडं पडेल. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे काही फरक कुणालाच टळणार नाही. नीती आयोगाच्या 2021च्या आराखड्यात मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई10साठी जुळवलेल्या दुचाकींना ई20वर 3 ते 4 टक्के घट धरली होती. आरएक्स तर ई10साठीही कधी जुळवलेली नव्हती. त्यात जेट वाढवला की आणखी थोडं जाईल. पण लीन गाडीतून वाचवलेलं पेट्रोल एका पिस्टन-बोअरच्या कामात व्याजासकट परत जातं, त्यामुळे इथे मी ॲव्हरेजचा हट्ट धरणार नाही.

नवीन मिळतोय की, जुना कशाला?

कार्बमध्ये बदलता येणाऱ्या वस्तू, म्हणजे जेट, सुई, फ्लोट पिन, ओ-रिंग, गॅस्केट, या सगळ्या किटमध्ये काही शे रुपयांत मिळतात. बदलता येत नाही ती बॉडी. तिच्या आत बारीक वाटा ठरलेल्या कोनात पाडलेल्या असतात. नकलेच्या कार्बमध्ये नेमकी तिथेच कसर असते: एखादी वाट जरा तिरकी, स्लाइड ढिली, जेटवर कोरलेला आकडा एक आणि भोक दुसऱ्याच मापाचं. अशा कार्बला कितीही सेटिंग करा, आयडल (मूठ न पिळता चालणारी रेस) धरला तर पिकअप जातो आणि पिकअप आणला तर आयडल जातो.

शोधायचं कुठे? पुण्यात नाना पेठेतली दुचाकीच्या सुट्या भागांची दुकानं आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याच्या भंगारवाल्यांची ओळ. तालुक्याच्या गावी जुन्या मेकॅनिककडे खोक्यात पडलेला माल तर बऱ्याचदा या सगळ्यांपेक्षा चांगला निघतो, कारण तो कुणाच्या तरी ओळखीच्या गाडीवरून उतरलेला असतो. विचारताना 'आरएक्सचा कार्ब आहे का' एवढंच विचारू नका, कुठल्या आरएक्सचा ते विचारा. आरएक्स-जी, 135 यांचेही कार्ब बाजारात फिरत असतात आणि आतली सुई, स्लाइड, जेट वेगळे असू शकतात.

हातात घेतल्यावर काय बघायचं?

सगळ्यात आधी वरचं झाकण उघडून स्लाइड. ती पितळेची असते आणि वर चकचकीत मुलामा असतो. मुलामा एका बाजूने उडून पिवळं पितळ दिसत असेल तर ती बाजू बॉडीला घासत आली आहे. स्लाइड परत आत सोडा, तर्जनीने पुढे-मागे हलवा. अगदी बारीक खेळ असणारच, पण टकटक आवाज येत असेल तर कार्ब परत द्या. त्या फटीतून जास्तीची हवा जाते, गाडी आयडलला कधी वर कधी खाली करत राहते, आणि यावर किटमध्ये इलाज नाही. लेथवर बुश घालून देणारे कारागीर कोल्हापूरच्या उद्यमनगरात सापडतील, पण 20 मिलिमीटरच्या कार्बसाठी मी त्या वाटेला जाणार नाही.

मग आतून बोट फिरवून बघा, पांढऱ्या पुडीने खड्डे पडलेत का. वाटीत पडले असतील तर चालतं, वाटी बदलता येते. पण पायलट जेट बसतो त्या खोबणीत किंवा फ्लोट पिनच्या बैठकीशी खड्डे असतील तर सोडून द्या. एअर स्क्रूचं टोक कधी त्याच्या भोकात तुटून अडकलेलं असतं, तेही बघा. बाहेरचं रूप मात्र फसवं असतं. वायर ब्रशने घासून चमकवलेला कार्ब महाग लावतात; काळपट, तेलकट, वर्षानुवर्षं न उघडलेला कार्ब आतून जास्त चांगला असण्याची शक्यता असते. शेवटी स्क्रूंची डोकी बघा. ती झिजून गोल झालेली असतील तर याआधी हात घातलेला माणूस कुठल्या दर्जाचा मेकॅनिक होता, ते कळतं.

उघडताना तो स्क्रू का घसरतो?

आपल्याला अधिक-चिन्हाचा दिसणारा तो स्क्रू जपानी मानकाचा आहे. नेहमीच्या फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्यात पूर्ण खोल जात नाही, जोर लावला की वर उसळतं आणि खाच कुरतडतं. जपानी मानकाचा ड्रायव्हर मिळाला तर उत्तम. नाही तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि ड्रायव्हर खाचेत धरून वरून एक हलका ठोका द्या. बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतो.

एअर स्क्रू काढण्याआधी तो आत फिरवत किती फेऱ्यांनी टेकतो ते मोजून लिहून ठेवा. टेकला की थांबायचं, आवळायचं नाही, टोक फार नाजूक असतं. जेट काढताना ड्रायव्हरची पट्टी खाचेच्या पूर्ण रुंदीची हवी. पितळ मऊ असतं, बारीक ड्रायव्हरने खाचेचा कोपरा निघून येतो.

साफ करताना तार घालायची का?

पोलादी तार, टाचणी, सुई, काही घालू नका. जेटचं भोक शतांश मिलिमीटरच्या हिशेबात पाडलेलं असतं. तारेने ते ओरबाडलं गेलं की जेटवर लिहिलेला आकडा खोटा होतो. कार्ब क्लीनरचा फवारा, नंतर कंप्रेसरची हवा आणि फारच हट्टी मळ असेल तर मासे पकडायच्या गळाची बारीक नायलॉन दोरी. जेट दिव्यासमोर धरून बघा: भोकातून पूर्ण गोल प्रकाश दिसला पाहिजे. कडेला चंद्रकोरीसारखी सावली असेल तर मळ अजून आहे.

हवा मारताना प्रत्येक वाटेचं दुसरं तोंड शोधा. पायलटच्या वाटेत फवारा मारला की स्लाइडच्या खाली नळीत दिसणाऱ्या टाचणीएवढ्या भोकातून धार यायला हवी. ती येईपर्यंत साफसफाई झाली असं समजू नका. डोळ्यांवर चष्मा ठेवा, कारण ती धार नेमकी तोंडावर येते. अल्ट्रासॉनिक मशीन जवळ असेल तर सगळ्यात चांगलं, फक्त रबर आणि फ्लोट आधी काढून घ्या. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांत बॉडी रात्रभर बुडवायचा घरगुती उपाय करू नका. पितळ उजळेल, पण बॉडीतला जस्त-ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आम्लाने खाल्ला जातो.

फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खुळखुळलं तर तो फुटलेला आहे. नवी पिन बसवल्यावर कार्ब उलटा धरा, म्हणजे फ्लोटच्या वजनाने पिन बंद होते, आणि पेट्रोलच्या नळीच्या तोंडातून हलकेच फुंका. हवा गेली नाही म्हणजे ओव्हरफ्लोची चिंता मिटली. किट घेताना रबर इथेनॉलला टिकणारं, व्हिटॉनचं, आहे का ते विचारा. दुकानदाराने 'सगळं सारखंच असतं' म्हटलं तर दुसरं दुकान बघा.

जोडल्यावर लगेच किक मारू नका

स्लाइडचा तिरका काप एअर फिल्टरच्या बाजूला यायला हवा. झाकण घट्ट केल्यावर मूठ पूर्ण पिळून सोडा: स्लाइड 'टक्' करून खाली बसली पाहिजे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पुन्हा तेच करा. इथे आळस केला आणि स्लाइड वर अडकली, तर पहिल्या किकला गाडी पूर्ण रेसवर सुटते. कार्ब आणि इंजिन यांच्यामधल्या जोडाला चीर नाही ना, तेही याच वेळी बघा, कारण तिथून घुसणारी हवा कुठल्याच जेटच्या हिशेबात नसते. ऑइल पंप चालू असलेल्या गाडीत मुठीची केबल दोन फाट्यांत विभागून एक कार्बला आणि एक पंपाला जाते. कार्ब बदलला की पंपाची खूण पुन्हा जुळवून घ्यावी लागते, आणि हे नव्वद टक्के लोक विसरतात असा माझा अंदाज आहे.

आता सेटिंग. एअर स्क्रू टेकवून दीड फेरी बाहेर, ही सुरुवात. गाडी चांगली तापू द्या, आयडल जरा वर ठेवा आणि एअर स्क्रू पाव-पाव फेरीने फिरवत जिथे रेस सगळ्यात वर जाते तिथे थांबा. मग आयडल खाली आणा. या कार्बमध्ये स्क्रू बाहेर काढला की हवा वाढते, म्हणजे गाडी लीन होते. काही दुसऱ्या कार्बमध्ये इंजिनच्या बाजूला पेट्रोलचा स्क्रू असतो, तिथे हे उलटं चालतं. यूट्यूबवर बघून फिरवणाऱ्यांची गल्लत इथे होते.

ई20साठी मी आधी सुईची क्लिप एक खाच खाली घेऊन बघेन. तेवढ्याने अर्ध्या मुठीचं अडखळणं गेलं तर थांबेन. मेन जेट एक पायरीच वाढवायचा आणि पूर्ण मुठीने थोडं अंतर चालवून, तिथेच किल्ली बंद करून, क्लच दाबून थांबायचं. मग प्लग काढून बघायचा. पांढराफट असेल तर लीन, काळा ओला असेल तर रिच, आणि कॉफीच्या रंगाचा असेल तर बरोबर. हे सगळं आपल्या नेहमीच्या उंचीवर करा. चिपळुणात जमवलेली गाडी महाबळेश्वरला साडेतेराशे मीटरवर जरा रिच चालणारच, तिथे हवा विरळ असते.

पीयूसीत पास झाली म्हणजे कार्ब ठीक ना?

अर्धवट ठीक. पीयूसीवाला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड मोजतो. 31 मार्च 2000पर्यंत बनलेल्या दुचाकींना 4.5 टक्क्यांची मर्यादा आहे. आकडा मर्यादेत आला तर पायलटची वाट फार रिच नाही, एवढं कळतं. सुई आणि मेन जेटबद्दल तो कागद काहीच बोलत नाही. उलट 0.5च्या आसपास आकडा आला म्हणून टू-स्ट्रोकवाल्याने खूश होऊ नये. गाडी आयडललाच लीन असण्याची शक्यता आहे.

आणि मोठा कार्ब, किंवा थेट इंजेक्शन?

मोठ्या कार्बच्या रुंद नळीत कमी रेसला हवेचा वेग पडतो, दाबातला फरक कमी होतो आणि पेट्रोल नीट वर चढत नाही. वरच्या रेसला थोडी गंमत येते, गावातल्या गर्दीत गाडी वैताग देते. बोअर आणि सायलेन्सरचं काम केलेलं नसेल तर 20चाच ठेवा.

इंजेक्शन बसवता येतं, पण त्याला दाबाचा पेट्रोल पंप, सेन्सर, संगणक आणि स्थिर वीज लागते, आणि आरएक्सच्या जुन्या चार्जिंगकडून तेवढ्या विजेची अपेक्षा धरणं कठीण. तेवढ्या खर्चात तीन-चार मूळ कार्ब येतील. त्यांतला एक सुटे भाग काढायला ठेवून द्या. कोरड्या डब्यात, वाटी पूर्ण रिकामी करून. गाडीवरचा कार्बही लांब उभी करताना तसाच रिकामा करायचा: पेट्रोल कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, आणि मग वाटीच्या खालचा स्क्रू सैल करून तळाशी राहिलेले चार थेंबही काढून टाकायचे.